चुकी आमनी शे

जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या घरामागच्या मोकळ्या वाड्यात चार वजनकाटे मांडून त्यांवर एक लाल विलायती गाडी उभी केलेली होती, आणि तिच्या चालकाच्या जागेवर तूरडाळीचं एक पोतं पट्टा लावून बसवलेलं होतं. हे मी सभांमधून सांगते तेव्हा लोक हसतात. मीही हसू देते, कारण त्यानंतरचं ऐकताना कुणी हसत नाही. आत्मकथन लिहायला माझं वय झालेलं नाही, असं आमच्या संघटनेतली वडीलधारी मंडळी म्हणतात. नसेल झालं. पण ज्या गोष्टी म्हातारपणी लिहायच्या म्हणून ठेवतात त्या तोवर गोड होतात, आणि ही मला गोड होऊ द्यायची नाही.

आमचं घर म्हणजे कमानपाट्यांचं दुकान आणि त्याच्या पाठीला चिकटलेल्या दोन खोल्या. केळीचे ट्रक, कापसाच्या ट्रॉल्या, वाळूचे डंपर यांच्या चाकांवर जे लोखंडी पाट्यांचे जुडगे असतात, ते तुटले की आबांकडे यायचे. आबा पाटा भट्टीत लाल करायचे, घणाने वाक द्यायचे, पाण्यात विझवायचे. त्या चर्रर्र आवाजावर मी आणि दादा झोपायला आणि उठायला शिकलो. माय ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापायची ती घणाच्या ठोक्यावर, हे तिला स्वतःला माहीत नव्हतं, घण थांबला की तिचा हातही थांबायचा आणि ती दारातून विचारायची, "काय व्हयनं?" उन्हाळ्यात पत्र्याखाली इतकं तापायचं की पान्हा उचलायला आधी त्यावर पाणी शिंपडावं लागे. जेवणात भरताचं वांगं निघालं की ते भट्टीच्या कडेलाच भाजायचं. लोखंडाचा वास त्या भरताला यायचा. पुढे मोठमोठ्या ठिकाणी मी भरीत खाल्लं, पण मला ते अळणीच वाटलं.

आबा मूळ अमळनेरकडच्या खेड्यातले, बोलणं सगळं खान्देशी. त्यांच्या धंद्याचा एक रिवाज होता आणि तो नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. कुणी गिऱ्हाईक तुटका पाटा घेऊन तावातावाने आलं, की आबा हात पुसत उठायचे आणि पहिलं वाक्य एकच म्हणायचे: "चुकी आमनी शे, भाऊ. बसा. चहा ल्या." ट्रक दुप्पट माल भरून खड्ड्यात घातलेला असला तरी हेच. पाटा आमच्याकडचा नसला तरीही हेच. मग चहा यायचा, माणूस बसायचा, कपाळाचा घाम पुसायचा, आणि बशी खाली ठेवली की आबा विचारायचे, "आते सांगा, कसं व्हयनं?" मग तोच ड्रायव्हर खाली मान घालून सांगायचा, की भाऊ, माल जास्त होता, रस्ता खराब होता, मीच हाणली. खरी चूक नेहमी चहानंतर निघायची. पहिलं वाक्य हा कबुलीजबाब नव्हताच. तो पाट होता बसायला दिलेला. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक माणसाला हे ठाऊक होतं. ज्यांचे ट्रक वर्षानुवर्षं आमच्याकडे येत होते, त्या कांतीशेठला तर ते पाठ होतं. कधीकधी तेच गाडीतून उतरताना आबांच्या आधी हसत म्हणायचे, "हां हां पंडितभाऊ, चूक तुमची आहे, चहा मागवा!"

माझा दादा, हेमंत, या घणाला कंटाळून दक्षिणेत पळाला होता. तिथे शर्यतीच्या गाड्यांच्या एका वर्कशॉपमध्ये राबला, आणि परत आला तो डोक्यात भलतंच घेऊन. मिरवायचा खूप. साधी रिक्षा दारावरून गेली तरी म्हणायचा, "पुढचा शॉकअप गेलाय तिचा, ऐक, ऐक." आबांना तो खुशाल सांगायचा, की तुमचा धंदा म्हणजे ओझं उचलायचा, माझा धंदा म्हणजे वळण घ्यायचा. आबा म्हणायचे, "घे बाप्पा वळण. पन घरकडे घे." दोघं एकमेकांच्या कामाबद्दल याहून जास्त कधी बोलले नाहीत. एका पत्र्याखाली दोघांची हत्यारं होती आणि दोघांनी एकमेकांना काही विचारलं नाही.

कांतीशेठच्या मुलाने, रौनकने, ती लाल दोन आसनी गाडी घेतली आणि त्याला ट्रॅक डेचं वेड लागलं. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नाही. शर्यतीचा बंदिस्त रस्ता एक दिवस हौशी लोकांना उघडतात, आपापली गाडी आणा आणि दामटवा. रौनक एकदा जाऊन आला, वळणांवर गाडी त्याला फेकत होती, ब्रेक दाबला की नाक खुपसत होती. जळगावात याचं कुणाला काही कळत नाही म्हणून तो हळहळत असताना त्याला दादाचं कळलं. तो आमच्या वाड्यात आला, चपला काढून आला, आणि दादाला म्हणाला, "हेमंत सर, ही तुमच्या हातात दिली." सर! मायने आतून ऐकलं आणि त्या दिवशी शेवभाजीत तेल जास्त पडलं.

रौनक वाईट नव्हता, हेही लिहायला हवं. पत्रकात आम्ही असं लिहीत नाही, पण हे पत्रक नाही. तो मन लावून शिकायचा. आमच्या ओसरीवर मांडी घालून जेवायचा, ठेचा लागला की डोळ्यांतून पाणी काढत मायला म्हणायचा, "काकू, हे तर ब्रेकपेक्षा गरम." आणि गाडी चालवायचाही चांगली. त्याच्यात खोट एकच होती: पुढे कुणी असलेलं त्याला बघवत नसे.

वजनकाट्यांचं असं, की गाडीचं वजन चार चाकांवर सारखं बसत नाही, आणि तसं असलं की ती डाव्या वळणावर एक वागते, उजव्यावर दुसरी. मोठ्या शहरात त्यासाठी खास काटे असतात. दादाने शेठच्याच डाळमिलमधले पोती मोजायचे चार काटे आणवले, खाली फरशीचे तुकडे सरकवत पाण्याच्या नळीने पातळीत आणले, आणि रौनकच्या वजनाचं डाळीचं पोतं आसनावर बांधलं. मग चारी कोपऱ्यांच्या स्प्रिंगांच्या चकत्या थोड्या वर, थोड्या खाली. मी आकडे ओरडून सांगायची. डावं मागचं चाक हट्टी होतं. एका कोपऱ्याला हात लावला की समोरचा तिरका कोपरा बदलायचा. आबा खाटेवरून बघत होते. म्हणाले, "घरबी असंच शे. याले उचला, तो बसस." हे मात्र दादाला आवडलं. पुढे तो ते स्वतःचं म्हणून सांगायचा.

मग त्याने पुढची चाकं वरच्या बाजूने किंचित आत झुकवली, म्हणजे वळणावर गाडी कलली तरी टायरची पूर्ण पावलं जमिनीवर राहतील. आबांना ते बघवेना. "एवढी महाग गाडी नि लंगडी करी टाकी?" माय म्हणाली, "तिच्यात बसतस दोन जन, नि पुसतस चार जन." ब्रेकचे पॅड बदलले, जास्त तापमान सोसणारं ब्रेक ऑइल भरलं, नळ्यांमधला हवेचा शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत मी पेडल दाबत बसले आणि दादा खाली चाकाशी आडवा पडून "दाब... धर... सोड" म्हणत राहिला.

चाचणीला आम्ही नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत जायचो. रस्ते आखलेले, रुंद, आणि दोन्ही बाजूंना रिकामे भूखंड, बाभळी आणि कुंपणाचे खांब. इथे कारखाने येणार होते, आमच्या पोरांना कामं मिळणार होती. त्या न आलेल्या कारखान्यांच्या रस्त्यावर शेठच्या पोराच्या गाडीचे ब्रेक मुरवले गेले. कुणाला हे विनोदी वाटलं तर वाटो. वळणावर मी लाल ओढणी घेऊन उभी राहायची, मेंढ्या आल्या की हलवायची. मेंढपाळ विचारायचा, "ताई, शूटिंग शे का?" गाडी थांबली की मी पळत जाऊन टायरमध्ये तापमानाची सुई खुपसायची: आत, मध्ये, बाहेर. मधला भाग जास्त तापला म्हणजे हवा जास्त आहे. दादा थोडी हवा सोडायचा, पुन्हा फेरी. संध्याकाळपर्यंत तिन्ही आकडे जवळजवळ आले तेव्हा रौनक गाडीतून उतरून बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "सर, आता ती माझं ऐकते." दादाचा चेहरा मी तसा पुन्हा पाहिला नाही.

दादाचं काय पणाला लागलं होतं ते सांगते. दक्षिणेतल्या त्याच्या जुन्या वर्कशॉपच्या ओळखीने एका शर्यतीच्या संघाचा माणूस पुढच्या ट्रॅक डेला येणार होता. ही गाडी बघणार होता आणि जमलं तर दादाला संघात घेणार होता. ती दुनिया लहान आहे. सगळे एकमेकांना ओळखतात, सगळे एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर असतात. तिथे एकदा नाव झालं की झालं, आणि गेलं की गेलं.

निघण्याआधी दादाने रौनकला माझ्यादेखत बजावलं होतं. ब्रेक कितीही चांगले असले तरी त्यांना श्वास लागतो. थोड्या वेगवान फेऱ्या झाल्या की एक फेरी थंडपणे, ब्रेक न दाबता, आणि मग ट्रॅक सोडून आत यायचं. "मी ट्रॅकच्या कडेच्या भिंतीवरून पाटी दाखवीन. पाटी दिसली की आत. ऑइल उकळलं तर पेडल खाली जाईल आणि गाडी थांबणार नाही. समजलं?" रौनक म्हणाला, "सर, लहान आहे का मी?"

ट्रॅकवर काय झालं ते दादाने सांगितलं तसं लिहिते. गाडी रुळावरून चालावी तशी चालली. संघाचा माणूस दादाशेजारी भिंतीला टेकून उभा होता आणि म्हणाला होता, ही कुणी बसवली? मग रौनकच्या पुढे पुण्याच्या दोघा पोरांची गाडी आली. दादाने पाटी दाखवली. रौनक तसाच पुढे गेला. पुढच्या फेरीला दादा भिंतीवरून अर्धा बाहेर वाकून पाटी हलवत होता. रौनकने हात वर करून दाखवला, म्हणजे पाहिली, आणि तरी गेला. त्यापुढच्या फेरीत सरळ रस्त्याच्या टोकाला त्याने ब्रेक दाबला आणि पेडल जमिनीला टेकलं. गाडी खडीतून गेली, टायरांच्या भिंतीवर आपटून उलटी झाली. रौनकच्या गळ्याखालचं हाड मोडलं, दंड मोडला. जीव वाचला तो दादाने लावून घेतलेल्या आसनपट्ट्यांमुळे, हे कुणी नंतर कधी बोललं नाही.

दादाचा मला फोन आला. "सुने, ऑइल उकळलं. मी पाटी दाखवली होती." दोनच वाक्यं. मी आबांना एवढंच सांगितलं, की अपघात झाला, रौनक दवाखान्यात आहे, जीवाला धोका नाही. आबांनी भट्टी बंद केली. कामाच्या दिवशी भट्टी बंद झालेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

दादा मोडकी गाडी घेऊन ट्रेलरवर बसून परतीच्या वाटेवर होता, तेव्हा कांतीशेठ आमच्याकडे आले. भर दुपार. बरोबर त्यांचा भाचा, हातात फोन, आपण फोन बघतो तसा छातीशी धरलेला. शेठ नेहमीसारखे हसले नाहीत, आणि त्याचं मला काही वाटलं नाही. पोरगा दवाखान्यात असलेला बाप हसेल कशाला? आबा हात पुसत उठले. पहिलं वाक्य आलं, जसं यायचं तसंच आलं. "चुकी आमनी शे, शेठ. बसा. चहा ल्या."

शेठ बसले नाहीत. म्हणाले, "काय म्हणालात पंडितभाऊ? फिर से बोला."

आबांना वाटलं, ट्रकच्या आवाजात ऐकू गेलं नाही. ते एक पाऊल पुढे आले आणि मोठ्याने, स्वच्छ, सगळी चूक अंगावर घेत म्हणाले, "चुकी आमनी शे शेठ, बठ्ठी आमनी. तुमी बसा तं खरं."

शेठ वळले आणि गाडीत बसले. भाच्याने दार लावलं. माय चहाचे कप घेऊन दारात आली तोवर धूळ उडालेली होती. आबा मला कारण विचारू लागले, "बसना नही. काब्र बसना नही?" 'आते सांगा, कसं व्हयनं' हे वाक्य त्यांच्या तोंडात तसंच राहिलं.

संध्याकाळी भाच्याने काढलेली क्लिप शर्यतवाल्यांच्या त्या ग्रुपवर होती. खाली इंग्रजीत लिहिलेलं होतं, मेकॅनिकच्या वडिलांनी कबूल केलं. सर नव्हे, हेमंत नव्हे; मेकॅनिक. ज्यांना खान्देशीतलं एक अक्षर कळत नाही त्यांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली. खेड्यातल्या गॅरेजात शर्यतीची गाडी देतात का? डाळीच्या काट्यावर गाडी मोजतात! संघाच्या माणसाने दादाला एक ओळ पाठवली, तूर्त थांबू या. तोही भिंतीशी उभा होता. त्यानेही पाटी पाहिली होती. पण शेठच्या ओळखीतले लोक त्याच्या संघाला पैसा लावणारे होते, आणि माणसाचे डोळे त्याच्या पोटाला बांधलेले असतात. दादा जळगावात शिरला तेव्हा ट्रेलरवाल्याला फोन आला, गाडी सरळ गोडाऊनला आणा. दादाला महामार्गावर उतरवून दिलं. उष्णतेने निळ्या पडलेल्या डिस्क, करपलेले पॅड, सगळा पुरावा त्याच्या डोळ्यांसमोरून निघून गेला.

मला लोक विचारतात, तू एवढी चिडलेली का असतेस? ज्याने शिवी दिली त्याचा मला राग नाही, शिवी रस्त्यावरची असते. शेठने आमचं सौजन्य वापरलं. ते वाक्य कशासाठी असतं हे जगात ज्याला सगळ्यात चांगलं ठाऊक होतं त्याने ते उचललं आणि चहाआधी कापलं. परक्याला हे सुचलंच नसतं. पोराच्या काळजीने माणूस आंधळा होतो, हे मला पटवून झालेलं आहे, बऱ्याच जणांनी पटवलं आहे. आंधळा माणूस भाच्याला फोन धरायला सांगून आणत नाही.

दादा भांडला नाही. तो म्हणाला, आबांनी दुसरी क्लिप द्यायची. तेवढंच. पाटी दाखवली होती, पोराने पाहिली होती, तो आत आला नाही. मी तेव्हा कॉलेजातल्या गटात नुकती जायला लागले होते, कुणाचं म्हणणं कसं मांडावं याचा मला फार उत्साह होता. मी आबांना पाट्यांच्या ढिगावर बसवलं, फोन समोर टिकवला. त्यांनी तोंड धुतलं, टोपी घातली. माय दारात. दादा भट्टीशी, पाठमोरा.

"आबा, जे झालं तेवढंच बोला. चूक रौनकची होती, असं."

"हां." त्यांनी घसा साफ केला. "शेठ, चुकी..." आणि थांबले. "चुकी आ..." पुन्हा थांबले. जीभ ज्या वळणाने आयुष्यभर गेली त्याच वळणाने जात होती. मी म्हटलं, चुकी शब्दच नको, दुसरीकडून सुरू करा. ते डोळे मिटून बसले, मग एकदम पाठ केल्यासारखे म्हणाले, "शेठ, मना पोऱ्यानी पाटी दखाडी व्हती. रौनकनी देखी. पन..."

"पण काय आबा? बोला."

ते फोनकडे बघत होते, जणू शेठच तिथे उभे आहेत, उन्हात, न बसता. "पन जाऊ द्या," ते म्हणाले. "पोऱ्याना हात कसा शे आते?"

दादा हसला. ते हसणं मला लिहिता येत नाही. "सुने, बंद कर," तो म्हणाला.

"मी पुन्हा सांगस ना," आबा म्हणाले. "काय चुकनं मनं? सांग तं खरं."

"तुमचं काही नाही चुकलं आबा." दादाने खुंटीवरची पिशवी काढली. "तुम्हाला ते वाक्य येत नाही, एवढंच."

"मंग तू शिकाड ना."

दादाने पिशवी खांद्याला अडकवली. एवढ्या वर्षांत आबांनी त्याला काही शिकव म्हणण्याची ती पहिली वेळ होती, आणि शिकवायला मागितलं ते हे. माय म्हणाली, "जेवीसन जाय." तो जेवला नाही. धुळ्याची एसटी धरून गेला.

आबा अजून पाटे वाकवतात आणि येणाऱ्याला पहिलं तेच म्हणतात. मी भांडून थकले. शेठचे ट्रक येत नाहीत. रौनकचा हात बरा झाला, त्याने दुसरी गाडी घेतली. दादा धुळ्याला महामार्गावर एका टायरच्या दुकानात आहे. ट्रकची चाकं सरळ करतो, हवा बघतो, पंक्चर काढतो. मी जाते कधीमधी. गेल्या खेपेला माझ्यासमोर एकाने गाडी थांबवली आणि म्हणाला, भाऊ, ब्रेक जरा नरम लागतोय, बघता का? दादाने त्या गाडीला हातही लावला नाही. पेडल एकदा दाबून बघितलं नाही. त्याने रस्त्यापलीकडच्या गॅरेजकडे बोट दाखवलं आणि म्हणाला, "ब्रेकचं मला कळत नाही."